सहाशे ठशांची अडचण

इ. स. १५९३ मध्ये मनिला येथे छापलेल्या 'दोक्त्रिना क्रिस्तियाना'त तागालोग भाषेची बायबायिन अक्षरे लाकडी ठशांतून उमटली. मराठीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांना ह्या देशीच्या लिपीत छपाई हवी होती. १६०८ च्या पत्रात त्यांनी रोमला अडचण कळविली, की रोमन अक्षरांना चोवीस ठसे पुरतात, येथे सुमारे सहाशे लागतील! अखेर १६१६ साली रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' निघाले ते रोमन लिपीत. ओवी मराठी, वेष परका.

पुढे रघुनाथ कृष्ण जोशी ह्यांनी संगणकासाठी 'मंगल' अक्षरे रेखाटली आणि ती अडचण सरली. तरीही आकुर्डीतील आमची तरुण मंडळी, पाळी संपवून येताना, मोबाईलवर मराठी प्रार्थना रोमन अक्षरांतच लिहितात. गायनवृंदाच्या वह्या मात्र आम्ही देवनागरीतच मागतो.