रोगांच्या याद्यांत विखुरलेली वेदना

फ्रान्समधील माँपेलिए येथील वैद्य फ्रांस्वा बॉसिए द सोव्हाज यांनी १७६३ साली ‘नोसोलॉजिया मेथोडिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून सर्व रोगांची दहा वर्गांत मांडणी केली, आणि त्यांपैकी ‘डोलोरेस’ हा एक संपूर्ण वर्ग त्यांनी वेदनांसाठी राखून ठेवला. रोग्याला जे जाणवते त्यावरून रोग ओळखण्याचा तो काळ होता. एडिंबराच्या विल्यम कलन यांनी १७६९ साली चारच वर्ग मानले आणि वेदनेचा स्वतंत्र वर्ग गेला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या निबंधक कार्यालयातील विल्यम फार यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी हे काम हाती घेतले, तेव्हा त्यांचा प्रश्न माणसे कशाने मरतात हा होता. कंबरदुखीने कोणी मरत नसल्यामुळे त्या प्रश्नाच्या उत्तरात तिला फारसे स्थान मिळणे शक्यच नव्हते. झाक बर्तियों यांनी १८९३ साली शिकागो येथे मांडलेली आणि पुढे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचा पाया ठरलेली यादीही मृत्यूच्या कारणांचीच होती.

१९४८ च्या सहाव्या आवृत्तीत जागतिक आरोग्य संघटनेने मृत्यूंबरोबर आजारांचाही समावेश केला आणि प्रत्येक निदानाला संकेतांक, म्हणजे नोंदीत रोगाच्या नावाऐवजी लिहायचा ठरावीक क्रमांक, देण्याची पद्धत रुग्णालयांत रुजत गेली. मात्र मांडणी मुख्यतः अवयवांनुसार होती, त्यामुळे अर्धशिशी मज्जासंस्थेच्या प्रकरणात, कंबरदुखी स्नायू व अस्थींच्या प्रकरणात आणि ज्या दुखण्याचे कारण सापडत नाही ते लक्षणांच्या प्रकरणात, अशी वेदना विखुरली गेली. अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना रुग्णालयांना निदानगटांनुसार पैसे देऊ लागली, तेव्हा हेच संकेतांक बिलाचाही आधार बनले आणि त्यांचे प्रचंड साठे संशोधकांच्या हाती आले.

त्या साठ्यांतून वेदना वेचून काढणे मात्र सोपे नव्हते. डॅनियल चर्किन, रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली कंबरेच्या यांत्रिक दुखण्यासाठी, म्हणजे कर्करोग, जंतुसंसर्ग वा मोठी दुखापत यांमुळे न उद्भवलेल्या दुखण्यासाठी, रुग्णालयीन नोंदी निवडण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत कोणते संकेतांक घ्यायचे याइतकेच कोणते आढळल्यास नोंद बाजूला काढायची यालाही महत्त्व होते. सर्वांगदुखीच्या फायब्रोमायल्जिया या विकाराची अडचण वेगळी होती, कारण नवव्या आवृत्तीच्या अमेरिकी रूपात त्याची नोंद ७२९.१ या संकेतांकाखाली होई आणि त्याच संकेतांकात साधी स्नायुदुखीही मोडत असे.

अमेरिकी दहाव्या आवृत्तीत जी ८९ हा वेदनेचा खास संकेतांक आहे, पण त्याचा नियम पाहण्यासारखा आहे: मूळ रोगाचे निश्चित निदान झालेले असेल, तर वेदनेवरील उपचार हाच भेटीचा हेतू असल्याखेरीज तो लावायचा नसतो. गुडघ्याच्या संधिवाताने हैराण झालेली व्यक्ती संधिवाताच्या तपासणीसाठी आली, तर नोंदीत संधिवात राहतो आणि तिला किती दुखते याचा मागमूस उरत नाही. दोष संकेतांक लावणाऱ्याचा नाही. तो नियम पाळतो. परंतु संकेतांक नाही म्हणजे वेदना नाही, असा निष्कर्ष जो अभ्यास काढतो, तो रुग्णांवर अन्याय करतो, आणि असा अभ्यास केवळ नोंदींच्या संख्येच्या बळावर विश्वसनीय मानता येत नाही.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या कार्यगटाने रोल्फ-डेटलेफ ट्रीडे आणि विनफ्रीड रीफ यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या मांडणीमुळे, २०१९ साली मंजूर झालेल्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकालीन वेदनेला, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला, एमजी ३० हा संकेतांक व त्याखाली सात गट मिळाले. त्यांतील प्राथमिक वेदनेच्या गटात वेदना हाच आजार मानला आहे. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली तरी अमेरिकेतील रुग्णालये अद्याप दहाव्या आवृत्तीचेच संकेतांक वापरतात, त्यामुळे तेथील नोंदींवर काम करणाऱ्यांना वेदना अजूनही निरनिराळ्या प्रकरणांतून गोळा करावी लागते.