एकाच बाईची दोन नावे

मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. विज्ञानाशी माझा संबंध वाचण्यापुरता. पण कर्करोगाच्या संशोधनात संगणकाने काय काम केले, याचा इतिहास चाळताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा भेटत राहिला आणि तो माझ्या अगदी ओळखीचा निघाला. या दोन कागदांवर लिहिलेली बाई एकच आहे, की दोन वेगळ्या?

समजा, खेड्यातली एक बाई तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिथून तिला जिल्ह्याला पाठवले, जिल्ह्याहून मुंबईला. तीन ठिकाणी तीन कागद झाले. ते जुळवले नाहीत, तर एका बाईच्या तीन रुग्ण होतात. पुढे ती गावी वारली आणि ग्रामपंचायतीच्या वहीत तिचे नाव जरा निराळे लिहिले गेले. आता संगणकाच्या लेखी ती बाई मरतच नाही. मग जो उपचार तिच्यावर केला तो प्रत्यक्षापेक्षा गुणकारी दिसू लागतो. नावाच्या एका अक्षराने औषधाचा निकाल फिरू शकतो, असे हे काम आहे.

आपल्याकडे तर नावांची तऱ्हाच वेगळी. माझ्या आईचे नाव एका कागदावर फातिमा, दुसऱ्यावर फातमाबी आणि मोहल्ल्यात नुसतेच ‘बी’. हिंदू घरांतही लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहितात. तांदूळ पसरले की अक्षरे पुसली जातात, पण माहेरचे नाव दवाखान्याच्या जुन्या केसपेपरवर तसेच राहते. वय विचारले तर ‘मोठ्या दुष्काळात मी दहाएक वर्षांची होते’ असे उत्तर मिळते.

या गोंधळावर पहिला यांत्रिक उपाय अमेरिकेत निघाला. १९१८ साली रॉबर्ट रसेल यांनी ‘साउंडेक्स’ नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. नाव कसे लिहिले यापेक्षा ते कसे ऐकू येते याला तिथे महत्त्व. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढचे स्वर गाळायचे आणि व्यंजनांना आकडे द्यायचे. इंग्रजीत ‘सय्यद’ तीन प्रकारे लिहा, संकेत एकच येतो. पण पहिले अक्षर कायम राहत असल्यामुळे ‘काझी’ के अक्षराने लिहिला की एक माणूस आणि क्यू अक्षराने लिहिला की दुसरा! वानखेडे मंडळींनी डब्ल्यू आणि व्ही ही अक्षरे घेऊन करून पाहावे, हाच अनुभव येईल. इंग्रजी कानांसाठी केलेली गोष्ट आपल्या नावांना कशी पुरणार?

पुढचे पाऊल टाकले कॅनडातील हॉवर्ड न्यूकोम यांनी. ते आनुवंशशास्त्रज्ञ. किरणोत्साराचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते आणि त्यासाठी लग्नांच्या आणि जन्मांच्या हजारो नोंदी जुळवायच्या होत्या. १९५९ साली त्यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. तिच्यातली एक कल्पना मला कवीच्या कामाची वाटते. नेहमीचे नाव जुळले तर त्याला वजन कमी द्यायचे, दुर्मीळ नाव जुळले तर जास्त. दोन कागदांवर ‘शेख’ जुळले म्हणून काय झाले? पण एखादे क्वचित कानावर पडणारे नाव दोन्हीकडे आले तर थांबून पाहायला हवे. १९६९ साली फेलेगी आणि संटर या दोघांनी या कल्पनेला गणिताचा पाया दिला. डेन्मार्कला हा खटाटोप फारसा पडला नाही. तिथे कर्करोगाची देशव्यापी नोंद १९४२ पासून होती आणि १९६८ साली प्रत्येक नागरिकाला क्रमांक मिळाला. क्रमांक जुळला, काम झाले.

आपल्याकडे क्रमांक नव्हता. होती ती पायपीट. भारतातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. तिच्यामागे डॉ. जस्सावाला होते. मुंबईत निदान रुग्णालये कागद तरी ठेवत होती. १९८७ साली बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा अडचण वेगळीच होती. कागद तयारच होत नव्हता, कारण बाई दवाखान्यात जातच नव्हती. अंगावरून जाते आहे हे नवऱ्याला सांगायचीही चोरी.

म्हणून नोंदणीची माणसे गावोगाव फिरली. चावडीवर बसली, लक्षणे समजावून सांगितली, संशय आला तिला दवाखान्यापर्यंत जायला तयार केले. बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि संख्याशास्त्रज्ञ कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. काही वर्षांतच असे दिसले की गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. आकडा टिपायला गेलेल्या माणसांनी आकडाच बदलला! संशोधनाच्या शिस्तीत हे बसते की नाही, ते शास्त्रज्ञांनी ठरवावे. मला ते फार आवडले.

या पायावर एक मोठी चाचणी उभी राहिली. १९९९ साली त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावगटांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका तिच्यात घेतल्या गेल्या. टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे संयुक्त काम. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गावांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात तपासणी नाही. आजाराची माहिती आणि तपासणी कुठे होते, एवढेच सांगणे. मग वर्षानुवर्षे नोंदणीतील रुग्ण आणि गावातील मृत्यू चाचणीच्या यादीशी जुळवत राहायचे. निकाल २००९ साली आला. एचपीव्ही गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांपैकी ३४ या कर्करोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४ गेल्या. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे उस्मानाबादच्या खेड्यांनी जगाला दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच प्रकारच्या तपासणीला पहिली पसंती दिली.

पण त्या चौसष्टजणींचे काय? तपासणी उपयोगी असते हे जगाला आधीच माहीत असताना एका गावाला ती द्यायची आणि शेजारच्या गावाला नाही, हे नीतीत बसते का, असा सवाल पुढे अमेरिकेतून जाहीरपणे विचारला गेला. उत्तर आले की भारतातील बायकांना तेव्हा अशी कोणतीच तपासणी मिळत नव्हती, चाचणीने कोणाच्या हातचे काही काढून घेतले नाही. हे उत्तर खरे आहे. तरी ते मला पुरत नाही. ‘मिळत नव्हती’ हा दोष त्या बायकांचा नव्हता आणि त्यांच्या अभावाचाच संशोधनाला मापदंड म्हणून उपयोग झाला.

पैसा आणि यंत्रे भरपूर असली म्हणजे सगळे जमते, असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००४ साली ‘कॅबिग’ नावाचे जाळे विणायला घेतले. देशातील कर्करोग केंद्रांचे संगणक एकमेकांशी बोलावेत, चाचण्यांची आणि जनुकांची माहिती इकडून तिकडे जावी, हा हेतू. कोट्यवधी डॉलर खर्च झाल्यावर २०११ च्या तपासणी अहवालाने सांगितले की बरीचशी साधने संशोधकांची गरज न पाहताच घडवली गेली. २०१२ साली तो प्रकल्प गुंडाळला गेला. तिकडच्या अभियंत्यांना कोणी आठवडाभर परांड्याच्या गावांतून हिंडवायला हवे होते, असे मला राहून राहून वाटते.

आता आपल्याकडेही २०२१ पासून ‘आभा’ हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक आला आहे. तो सगळ्यांनी घेतला, तर पुढची जुळवाजुळव सोपी होईल. मात्र त्या क्रमांकामागची बाई कोणाकोणाला दिसणार, हेही तेव्हाच विचारायला हवे. गावात या आजाराची कुजबूज झाली तर घरातल्या मुलींच्या सोयरिकी अडतात. बार्शीच्या १९८७ मधल्या नोंदींना असा कोणताच क्रमांक नाही. तिथे बाईचे नाव, नवऱ्याचे नाव, गाव आणि अंदाजे वय, एवढ्यावरच तिची ओळख आहे.