दक्षिणेचा पैसा कुणाचा?

पेशव्यांच्या काळापासून पुण्यात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेवरून जे वाद झाले, ते बहुतेक सगळे ती कुणाला मिळावी यावरून. ती कुणाच्या पैशातून निघते, हे फार उशिरा विचारले गेले. माझ्या मते वाटपाचा न्याय तिथेच ठरतो. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात ब्राह्मण गोळा करत आणि एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवून त्याला दारातून बाहेर सोडत, म्हणजे कुणी दोनदा घेऊ नये. मोजणी चोख होती. पण आत शिरण्याची पात्रता जातीने ठरलेली, आणि पैसा रयतेच्या साऱ्यातून भरलेल्या खजिन्यातला.

हा धर्मादाय होता, त्यावर शास्त्री पोसले, विद्या टिकली, असे म्हटले जाते. विद्येचे खरे आहे. सेनापती दाभाड्यांची तळेगावची ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात आणली, तेव्हा विद्वानांचा मान राखणे हा तिचा एक हेतू होताच. पण धर्मादाय करावा तो पदरच्या पैशाने. शिवाय १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला कसला धर्म पाळायचा होता? कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने वर्षाला ५० हजार रुपये चालू ठेवले, ते पुण्यातली नाराजी वाढू नये म्हणून. त्याच रकमेतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली.

१८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी अर्ज केला की यातले काही पैसे मराठी ग्रंथांना द्यावेत. सनातनी खवळले, जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली, आता गुण पाहून बक्षीस मिळेल असे वाटले. १८५५ मध्ये फुल्यांनी तिच्याकडे ‘तृतीय रत्न’ पाठवले. भोळ्या कुणबी जोडप्याला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणाऱ्या जोशाचे ते नाटक. कमिटीने ते नाकारले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे लिहून ठेवले. निकष बदलला तरी तो लावणारे बहुतेक तेच राहिले होते.

१८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे फुल्यांनी मूळच गाठले: सरकारचे बहुतेक उत्पन्न रयतेच्या घामाचे, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी. जो भरेल त्यालाच मिळावे असे धरले तर निर्धनाच्या हाती काय पडेल, असा आक्षेप यावर घेता येईल. पण भरलेला सारा परत द्या, असे फुले म्हणतच नव्हते. किमान बाराव्या वर्षापर्यंत सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. त्यात सारा भरणाऱ्याचे पोर होते आणि ज्याच्याकडे भरायला काहीच नव्हते त्याचेही.