हळदीच्या स्टेजसाठी अरेंजर कीबोर्ड: घेताना काय बघायचं, लावायचा कसा?

डाव्या हाताने कॉर्ड धरली की ढोलक, बेस, गिटारची साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड म्हणजे अरेंजर. साथीच्या या तयार साच्याला ‘स्टाइल’ म्हणतात. त्यात इंट्रो, मुख्य भाग, फिल-इन आणि एंडिंग असतं.

नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे अशा आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री कीबोर्ड हमखास दिसतो. पण पैसे मोजण्याआधी एक गोष्ट ठरवावी: ताल कोण वाजवणार? बेंजो पार्टीत ढोलकी आणि ऑक्टोपॅड असेल, तर स्टाइलमधले ड्रम त्यांच्याशी भांडतात. लय सुटली की नाचणारे थांबतात. अशा ग्रुपला चांगल्या टोनचा सिंथेसायझर पुरतो. ऑर्केस्ट्रात दिसणारा रोलँड एक्सपीएस-10 हा सिंथेसायझरच आहे, अरेंजर नाही. एक गायक आणि एकच वादक असेल, तिथे अरेंजरचे पैसे वसूल होतात.

यामाहा पीएसआर-आय500 आणि कॅसिओ सीटी-एक्स9000आयएन ही भारतीय ताल-टोन असलेली मॉडेल्स. यामाहाची पीएसआर-एसएक्स आणि कोर्गची पीए मालिका त्यांच्या वरची आणि बरीच महाग. दुकानात डेमोच्या गाण्याला भुलू नये, स्वतःची तीन गाणी वाजवून बघावीत. केरवा, दादरा सहज सापडतो. कोळीगीताचा झुलता ठेका मात्र हवा तसा क्वचितच मिळतो. म्हणून पेन ड्राइव्हवरून बाहेरची स्टाइल घेता येते का, स्वतः बनवता येते का, हे विचारावं.

सेटिंग घरीच करावं. प्रत्येक गाण्याची स्टाइल, टोन, टेम्पो एका रजिस्ट्रेशनच्या बटणावर ठेवला की दोन गाण्यांमधली शोधाशोध वाचते. गाणं पांढरी एकमध्ये बसवलंय आणि गायकाला काळी दोन हवी, तर ट्रान्सपोज +3. खरी फजिती पुढे होते: रजिस्ट्रेशनमध्ये ट्रान्सपोजही साठवलेला असू शकतो, त्यामुळे पुढचं बटण दाबताच पट्टी बदलते आणि गायक अधांतरी राहतो. यामाहाच्या पीएसआर मालिकेत त्यासाठी ‘फ्रीझ’ आहे.

मिक्सरला लेफ्ट-राइटच्या दोन वेगळ्या वायर द्याव्यात. एकच वायर असेल तर ‘एल/मोनो’ लिहिलेल्या जॅकला. हेडफोनच्या जॅकमधून स्टिरिओ वायर थेट मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटला लावली, तर दोन्ही बाजूंना सारखे असलेले आवाज एकमेकांना खातात आणि बेस, ड्रम पोकळ होतात. दोष मात्र साउंडवाल्याला दिला जातो! लांब अंतरासाठी डीआय बॉक्स हवा.

लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत कीबोर्ड बंद पडतो आणि सेव्ह न केलेले बदल जातात. छोटा यूपीएस आणि पेन ड्राइव्हवर बॅकअप सोबत असावा. साउंड चेक संध्याकाळीच उरकावा, कारण रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे.