झुआरीपलीकडचे देव

आमची आजी मूळची गोव्याच्या अंत्रुज महालातली, म्हणजे आजच्या फोंड्याकडची. लग्न होऊन वेंगुर्ल्याला आली आणि येताना मंगेशाची गोष्ट घेऊन आली. श्रावणातल्या सोमवारी, उपास सुटायच्या वेळी ती हमखास सांगायची. "देवान रातोरात न्हय पार केल्यान," हे तिचं सुरुवातीचं वाक्य. कुठ्ठाळीला, म्हणजे जुन्या कुशस्थळीला देवाचं देऊळ होतं. फिरंगी देवळं पाडत सुटले, तेव्हा लिंग पालखीतून धक्क्यावर आलं, होडीत बसलं आणि उजाडायच्या आत पलीकडे प्रियोळच्या झाडीत पोचलं. नाखव्याने एकदाही वल्हं मारलं नाही, होडी आपसूक गेली, असं ती सांगायची.

गोष्टीतली होडी बाजूला ठेवली तरी बाकीचं बरंचसं इतिहासाला धरून आहे. 1510 मध्ये आल्बुकेर्कने गोवा शहर घेतलं. 1543 मध्ये बारदेस आणि साष्टी हे महाल पोर्तुगिजांकडे गेले आणि 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. मंगेशाचं स्थलांतर त्याच सुमाराचं मानतात. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ रामनाथीला. आज फोंडा तालुक्यात थोड्याथोड्या अंतरावर देवळं लागतात. आपण त्या भागाला देवभूमी म्हणतो. खरं म्हणजे ती निर्वासितांची वसाहत आहे.

हे निर्वासित देव ज्या मुलखात उतरले तो त्या वेळी आदिलशहाचा होता. आजीच्या गोष्टीत हा तपशील कधी आला नाही. लपवण्याचा हेतू नव्हता, तिला तो कुणी सांगितलाच नव्हता. तिच्या गोष्टीत नदीच्या अलीकडे फिरंगी आणि पलीकडे नुसती झाडी. पण त्या झाडीला धनी होता, तो मुसलमान सुलतान होता, आणि त्याच्या अमलात शिवलिंग आणि देवी सुखरूप राहिल्या. पुढे अठराव्या शतकात शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांनी पुढाकार घेऊन कवळ्याचं मोठं देऊळ उभं केलं. फोंडा पोर्तुगिजांच्या हाती गेला तो थेट 1763 मध्ये. तोवर त्यांचाही जुना त्वेष ओसरला होता. देवळं वाचली ती अशी.

ती देवळं बांधणाऱ्या कारागिरांनी घुमट चढवले, कमानी घेतल्या, आणि दीपस्तंभ असे मजल्यांचे रचले की चर्चचा मनोरा आठवावा. ज्यांच्या भीतीने देव पळाले त्यांचीच बांधणी देवाच्या अंगणात आली. मला यात कुणाची हार दिसत नाही. गवंड्याला जे हाताला चांगलं वाटलं ते त्याने घेतलं.

पण माणसं का पळाली? देवासाठी, असं आजी म्हणायची. तिच्याच घरातली एक कथा मात्र वेगळं सांगते. ही ती एरवी सांगत नसे. दुपारी तांदूळ निवडताना, शेजारी बाहेरचं कुणी नसलं, तरच. तिच्या माहेरच्या मूळ बाईचा नवरा साष्टीत वारला. पदरी दोन मुलगे. "तेरावा-बिरावा काय नाय, पोरांका घेतल्यान आणि होडयेत बसली." लहानपणी मला वाटे, बाई घाबरट असावी. पुष्कळ वर्षांनी 1559 च्या हुकमाबद्दल वाचलं. पोरक्या हिंदू मुलांना गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात देऊन त्यांचा बाप्तिस्मा करावा, असा तो हुकूम. अंमलबजावणीत तो ताणला गेला. बाप गेला की मूल पोरकं, मग आई जिवंत का असेना. ते वाचलं आणि त्या बाईची घाई कळली. सुतक पाळायला तिला सवड नव्हती. तिने धर्म राखला म्हणून आमच्या घरात तिचा गौरव होतो. माझ्या मते तिने मुलं राखली. धर्म त्यांच्याबरोबर आला.

राजसत्तेच्या हातातला धर्म माणसाच्या मनापर्यंत फार उशिरा पोचतो. आधी तो सातबारा गाठतो आणि मग चूल. 1541 मध्येच तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवलं गेलं. देवळाच्या जमिनीवर पुजारी, वाजंत्री, कुंभार, मडवळ अशी कितीतरी घरं जगत होती. त्यांच्या पायाखालची जमीनच गेली. पुढची पायरी चुलीची. 1736 मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या मनाईच्या लांबलचक यादीत धोतर आहे, चोळी आहे, अंगणातली तुळस आहे, लग्नातली गाणी आहेत. आणि भातात मीठ न घालणंही आहे. हिंदू बिनमिठाचा भात रांधतात, तेव्हा ख्रिस्ती झालेल्यांनी तसा रांधू नये. आजी रोज असाच भात करायची. तांब्याच्या तपेल्यात आधण, धुतलेला तांदूळ, आणि मीठ पानात डाव्या हाताला. त्या चिमटीभर मिठावरून कुणाच्या घरी शिपाई येऊ शकत होता, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ बोलली नाही. मग म्हणाली, तरी लोक करीत असतील. तिचं बरोबर होतं. लोक करीत होते, म्हणूनच तर बाटवाबाटवीला दोन शतकं होत आल्यावरही मनाईचा कागद काढावा लागला.

जे पलीकडे आले नाहीत त्यांच्याबद्दल आमच्याकडे कमी बोललं जाई आणि बोललं तर तुच्छतेने. बाटले, एवढंच. हे मला फार लागतं. गावकरीतला हिस्सा, कुळागर, म्हातारे आईबाप हे सोडून होडीत बसणं प्रत्येकाला शक्य नव्हतं. राहिले ते आमचेच भाऊबंद. जातही त्यांनी सोडली नाही. ख्रिस्ती गोव्यात बामण, चार्दो, सुदिर हे भेद राहिले, चर्चमधल्या बंधुसंघांतही जात पाहिली जाई. दोन्ही तीरांवर जे टिकायला नको होतं तेच सर्वांत चिवट निघालं.

नातंही टिकलं, हे मात्र समाधानाचं. साष्टीतल्या कुंकळ्ळीला 1583 च्या जुलैमध्ये लोकांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यांतला रुदोल्फ आक्वाविवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतला होता. फतेहपूर सिक्रीला जो बादशहासमोर निर्धास्तपणे वाद घालून आला, त्याला मरण आलं ते कुंकळ्ळीत. कारण तिथल्या लोकांनी आपली पाडलेली देवळं पाहिली होती. नंतर गावच्या नायकांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून कापून काढलं. देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली. पण दरवर्षी शिगम्याच्या दिवसांत ती पालखीतून मूळ गावी येते. बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ कुळांच्या, बारा छत्र्या तिच्यासोबत नाचत येतात. रस्ता गुलालाने लाल होतो, छत्रीच्या दांड्याला हात लागावा म्हणून रेटारेटी चालते. त्या वांगडांतली कितीतरी घरं आज ख्रिस्ती आहेत आणि तीही या सोहळ्याला आपला मानतात. त्या गर्दीत शेजारचा माणूस कुठल्या तीरावरचा हे ओळखणं मला जमलं नाही, आणि तशी गरजही वाटली नाही.

आजीला मी एकदा विचारलं होतं, पालखी कुणी उचलली गं? देवळात राबणारे, गाणाऱ्या, दिवट्या धरणारे, त्यांचं काय झालं? ती म्हणाली, ते पण आले असतील, देव काय एकटो जाता? खरंच, देव एकटा जात नाही. देवळांबरोबर त्यांचे सेवेकरी आले, आणि नव्या देवळांभोवती कलावंत आणि भाविणींचे वाडे वसले. पोर्तुगीज सरकारने 1886 मध्ये देवस्थानांच्या कारभाराचे कायदे केले आणि महाजनांचे हक्क कागदावर बांधून दिले. महाजन म्हणजे ठरावीक घराण्यांतले पुरुष. पिढ्यान् पिढ्या देवापुढे गाणाऱ्या बायकांचं नाव त्या वहीत यायचा प्रश्नच नव्हता. जो देव जुलमातून सुटून आला, त्याच्या आवारात हा अन्याय धर्म म्हणूनच चालला, आणि आमच्या घरातल्या सोवळ्या माणसांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

1900 मध्ये मंगेशाच्या देवळाच्या गावी, मंगेशीत, अशाच एका गाणाऱ्या बाईला, येसूबाईंना, मुलगा झाला. त्याने आपल्या नावापुढे गावाचं नाव लावलं. दीनानाथ मंगेशकर. आमच्या आजीने तो देव वेंगुर्ल्यापर्यंत आणला. दीनानाथांनी आणि त्यांच्या मुलींनी त्याचं नाव जगभर नेलं, आणि त्यासाठी त्यांना कुठल्याही वहीत नोंद लागली नाही.