सातारा–सांगलीकडील वाचनालये आणि आपले कर्तव्य

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांची नामावली येते, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, दिवंगत ज्ञातिबांधवांना श्रद्धांजली वाहिली जाते. हे सर्व उचितच आहे. परंतु ज्या एका संस्थेचे ऋण आपल्यापैकी बहुतेक घरांवर आहे, तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ती संस्था म्हणजे गावचे सार्वजनिक वाचनालय. वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलाने संदर्भग्रंथ कोठे पाहिला, घरकाम आटोपल्यावर आमच्या भगिनींनी कादंबरी कोठून आणविली, नोकरीची जाहिरात कोणत्या टेबलावर वाचली, याचा शोध घेतला तर वाट पुष्कळदा त्याच एका खोलीपाशी जाऊन थांबते. या संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगून शेवटी ज्ञातिबांधवांपुढे एक प्रश्न ठेवावा, असा आमचा हेतू आहे.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी त्यांचा पूर्वेतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. सांगली, मिरज, जत, औंध इत्यादी संस्थाने 1948 साली विलीन झाली आणि त्यानंतर 1949 साली ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यालाच 1960 साली ‘सांगली’ हे नाव मिळाले. दोहोंना कृष्णामाई एक आहे. म्हणून या दोन जिल्ह्यांतील वाचनाचा इतिहास आम्ही एकत्रच पाहतो.

मुद्रणकला आपल्याकडे रुळण्यापूर्वी ग्रंथ म्हणजे घरातील पोथी. ती रुमालात बांधलेली, देवघराशेजारी ठेवलेली आणि मालकाच्या मर्जीने उघडली जाणारी असे. ज्याला ती पाहावयाची असेल त्याने आर्जव करावे, आणि देणाऱ्याने त्याचे कुळ व अधिकार पाहून होय किंवा नाही म्हणावे, अशी रीत होती. सार्वजनिक वाचनालयाने या रीतीला पहिला धक्का दिला. वर्गणी भरणाऱ्यास पुस्तक मिळेल, अमुक दिवसांत ते परत करावे लागेल आणि हे सर्व नोंदवहीत लिहिले जाईल, असा नियम झाला. मेहेरबानीच्या जागी नियम आला, हीच या संस्थेची खरी क्रांती होय.

महाराष्ट्रात हा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. रत्नागिरीस 1828 साली, नाशकास 1840 साली, पुण्यास 1848 साली आणि कोल्हापुरास 1850 साली वाचनालये निघाली. त्या काळी अशा संस्थांना ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे नाव असे. पुण्याच्या वाचनालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. शतपत्रांतून ज्यांनी समाजाला विद्येच्या अभावाबद्दल कठोर शब्द सुनावले, तेच गृहस्थ पुढे आपल्या सातारा भागात वाईस मुनसफ म्हणून होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. सांगलीस पटवर्धनांच्या राजवटीत 1869 साली वाचनालय स्थापन झाले. तेच आजचे सांगली जिल्हा नगर वाचनालय.

परंतु येथे एक गोष्ट निर्भीडपणे सांगितली पाहिजे. या संस्थांच्या नावात ‘सार्वजनिक’ व ‘जनरल’ हे शब्द होते, तरी त्या काळचे ‘सर्व जन’ मोजकेच होते. वर्गणीचा एक दरवाजा होता, साक्षरतेचा दुसरा, स्त्रीत्वाचा तिसरा, आणि जातीचा चौथा दरवाजा सर्वांत जड होता. इ. स. 1900 ते 1904 या काळात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी साताऱ्याच्या सरकारी शाळेत शिकत होता. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसावे लागे आणि बसावयाचे तरटही घरून आणावे लागे, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. त्याच मुलाने मोठेपणी दादर येथे ‘राजगृह’ बांधताना सर्वप्रथम विचार केला तो ग्रंथांना जागा किती लागेल याचा. वाळवे तालुक्यातील वाटेगावी 1920 साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे यांचे शालेय शिक्षण दीड दिवसाचे, असे सांगतात. मुंबईस गेल्यावर रस्त्यावरील पाट्या वाचीत ते अक्षरओळख करून घेत गेले आणि त्याच हातांनी ‘फकिरा’ लिहिली गेली. या दोन थोर पुरुषांनी वाचनालयांचा उंबरठा वाढविला असे नव्हे. मात्र तो उंबरठा कोणासाठी किती उंच होता, हे त्यांच्या चरित्रांवरून कळते.

हे दरवाजे एका रात्रीत उघडले नाहीत. ते एकेक करून उघडले. ठाणे येथे 1893 साली व मुंबई येथे 1898 साली मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली, तेव्हा इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकाला मानाचे स्थान मिळाले. आपल्या भागात किर्लोस्करवाडीसारख्या माळरानावरील कारखान्याच्या गावातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, 1930 साली ‘स्त्री’ मासिक सुरू झाले आणि 1934 साली ‘मनोहर’. घरातील स्त्रीच्या नावाने अंक येऊ लागला, त्याबरोबर वाचनालयातून तिच्या नावावर पुस्तक नेण्यासही कोणी हसेनासे झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसविली. एका पंगतीस जेवलेली मुले पुढे वाचनालयाच्या एका बाकावर बसण्यास कचरली नाहीत. सार्वजनिक पाणवठे, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्यांस खुली करावीत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला होता. अखेर 1950 च्या राज्यघटनेने सरकारी पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक ठिकाणी जातीचा अडसर घालणे बेकायदेशीर ठरविले. चौथा दरवाजा कायद्याने तरी उघडला.

पैशाचा प्रश्न मात्र उरला होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1910 सालापासून ग्रंथालयांचे जाळे विणले व पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरविल्या. मुंबई सरकारने नेमलेल्या फैझी समितीने 1939–40 साली जिल्हा, तालुका व गाव अशी पायऱ्यापायऱ्यांची योजना सुचविली. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने 1945 साली ग्रंथालयांचा कायदा केला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. महाराष्ट्र राज्याचा कायदा 1967 साली झाला. त्यान्वये मान्यताप्राप्त वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊन त्यांना वार्षिक अनुदान मिळते. आज महाराष्ट्रात अशी अकरा हजारांहून अधिक वाचनालये आहेत. त्यांतील पुष्कळशी लहान गावांतील असून ती स्थानिक मंडळीच चालवितात.

असे लहान वाचनालय कसे चालते, हे ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी चार शब्द लिहितो. एक खोली, क्वचित देवळाची ओवरी, दोन-चार कपाटे, वर्तमानपत्रांचे लांब टेबल आणि अल्प वेतनावर राबणारा ग्रंथपाल. नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, मग ते देवघेवीस जाते. वर्तमानपत्रे कोणीही विनामूल्य वाचावीत, पुस्तक घरी न्यावयाचे तर अनामत व वर्गणी भरावी. दिवाळीनंतर दिवाळी अंकांची खास योजना असते. मुलांसाठी वेगळे कपाट, उन्हाळ्यात कथाकथन, एखादी व्याख्यानमाला, आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी रात्रीपर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका. ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तेथील मुलाला ही अभ्यासिका म्हणजे पुस्तकांपूर्वी मिळालेली शांतता होय. पावसाळ्यात दमटपणा, उन्हाळ्यात कसर आणि बारमाही वाळवी, या तिन्ही शत्रूंशी ग्रंथपाल एकटाच झुंजत असतो.

चौथा शत्रू कृष्णेचे पाणी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणीपातळी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. नगर वाचनालयाच्या स्थापनेस दीडशे वर्षे झाली त्याच वर्षी पाणी आत शिरले आणि हजारो ग्रंथ भिजून त्यांचा लगदा झाला. बाजारात मिळणारे पुस्तक पुन्हा विकत घेता येते. परंतु शंभर वर्षांपूर्वी छापून संपलेले पुस्तक, बंद पडलेल्या मासिकाची फाइल किंवा एखाद्या गावचा छोटेखानी इतिहास कोणत्या दुकानात मिळणार? तो ग्रंथ वाचनालयात नष्ट झाला, तर मिळण्याचा संभव एकाच ठिकाणी उरतो. तो म्हणजे कोणा तरी घराचा माळा.

आमचा प्रश्न येथूनच सुरू होतो. आपल्या समाजातील काही उत्साही बंधू सुचवितात की, समाजाच्या कार्यालयात केवळ आपल्या ज्ञातीसाठी ग्रंथसंग्रह करावा. त्यांच्या हेतूबद्दल आम्हांस आदरच आहे. वंशावळी, जुन्या सनदा, परिषदांची इतिवृत्ते, मागील स्मरणिका ही समाजाची खास संपत्ती समाजाने सांभाळलीच पाहिजे. परंतु सर्वसाधारण ग्रंथ कुलपात ठेवून त्याची किल्ली ज्ञातीपुरती राखणे म्हणजे जे दरवाजे उघडावयास शंभर वर्षे लागली, त्यांतील एक आपल्याच हाताने पुन्हा लोटणे होय. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ते फायद्याचे नाही. दोनशे घरांच्या संग्रहाला पूर्ण वेळ ग्रंथपाल परवडत नाही. ग्रंथपालाविना कपाट म्हणजे वाळवीची पंगत.

याउलट जेथे दरवाजा उघडा ठेवला, तेथे काय घडते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पाचगणी–महाबळेश्वर रस्त्यालगतचे भिलार हे स्ट्रॉबेरी पिकविणारे गाव. 4 मे 2017 रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. घरे, शाळा, देवळे अशा पंचवीस ठिकाणी सुमारे 15,000 पुस्तके मांडली गेली, आणि येणाऱ्याने मोल न देता बसून वाचावे अशी सोय झाली. योजना सरकारची असली, तरी आपली ओसरी परक्या माणसास वाचावयास देणे हे काम गावकऱ्यांचे. पूर्वी पोथी घरातच होती आणि येथेही पुस्तक घरातच आहे. मधल्या काळात दार तेवढे उघडले.

म्हणून आमची विनंती अशी आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासदत्व घ्यावे, आणि ते घरातील सुनेच्या व मुलीच्या नावाने घ्यावे. माळ्यावरील जुने ग्रंथ रद्दीत घालण्यापूर्वी ग्रंथपालास एकवार दाखवावेत. त्यांतील कोणते दुर्मिळ आहेत हे तो सांगेल. समाजाची कागदपत्रे समाजाने जतन करावीत, परंतु त्यांची एक छायाप्रत पुराच्या रेषेपलीकडील वाचनालयात ठेवावी. आणि वाडवडिलांच्या स्मरणार्थ देणगी द्यावयाची असल्यास भिंतीवर संगमरवरी पाटी बसविण्यापेक्षा ग्रंथपालाच्या वेतनास, नव्या कपाटास किंवा पुस्तकबांधणीस ती द्यावी. त्या बांधलेल्या पुस्तकाच्या आतील पानावर दात्याचे नाव राहील, आणि ते नाव आपल्या ज्ञातीबाहेरचा, आपल्याला कधीही न भेटणारा एखादा मुलगा वाचील. आपल्या पूर्वजांची कीर्ती परक्याच्या मुखी जाणे यालाच आपण आजवर पुण्य मानीत आलो आहोत.