बिनहुद्द्याचा सूर

मँडरिन चिनीत सूर चार. 'मा' सपाट सुरात म्हटले तर आई, खाली बुडवून म्हटले तर घोडा! पण शिवाय एक हलका सूर आहे. त्याला स्वतःची पट्टीच नाही. आधीचे अक्षर कोणत्या सुरात आहे, त्यावर याची उंची ठरते. आम्हा वाशीच्या बँकवाल्यांना हे समजावून सांगायला नको. साहेबांचा सूर पाहूनच कारकून तोंड उघडतो.

ही अक्षरे जन्माने हलकी नव्हेत. वाक्याच्या शेवटी येणारा 'ल' मुळात 'ल्याव', म्हणजे 'संपणे', असा भरभक्कम शब्द. शेपटाला राबून राबून झिजला. आपला 'राव' नाही का? मुळात राजा, मग बाजीरावाच्या नावात मानाने बसला, आणि आता 'काय राव, लोकल चुकली!' म्हणताना फलाटावर उभा.

१९५८ साली चीनने रोमन अक्षरांची पद्धत ठरवली, तेव्हा चार सुरांना खुणा मिळाल्या. हलक्याला काही नाही. पण 'तुंगशी'तला 'शी' हलका म्हटला तर 'वस्तू', पुऱ्या सुरात म्हटला तर 'पूर्व-पश्चिम'! बिनखुणेच्या माणसांवरच कचेरी चालते, राव!